चार भिंतींचे गुरुजी

बाबूसिंग आडे यांना मास्तरकी करता करता चौदा वर्षं झाली, तेव्हा सरकारच्या ध्यानात आलं की त्यांना शिकवता येत नाही. म्हणजे येत असेलही, पण तसा कागद नव्हता. साल १९५७. आदल्या वर्षी यवतमाळ जिल्हा मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला होता, आणि नव्या सुनेची ट्रंक सासूनं उघडून बघावी तशी नव्या राज्यानं जुनी दप्तरं उघडून बघितली. त्यात बरेच मास्तर बिनट्रेनिंगचे निघाले. हुकूम आला की अशांनी यवतमाळला नॉर्मल स्कुलात दोन वर्षं राहून शिकवायचं कसं ते शिकावं. पास झाले तर नोकरी कायम, नापास झाले तर घरी शेती आहेच.

बाबूसिंगांना शेती होती. प्रश्न शेतीचा नव्हता, शाळेचा होता.

अमरसिंग नाईकाचा तांडा आर्णीपासून तीन कोसांवर, टेकाडाच्या उतरणीला. साठेक घरं, सगळी बंजाऱ्यांची. शाळा नव्हती तेव्हा तांड्यातली पोरं नाल्यापलीकडच्या गावात शिकायला जात. घरी गोरबोली, शाळेत मराठी. मास्तर काय म्हणतात ते पोरांना कळत नसे आणि पोरांना कळत नाही हे मास्तरांना कळत नसे. त्यांनी पोरांना ओसरीवर बसवलं, आणि दोन महिन्यांत पोरं ओसरीवरून थेट मोहफुलं वेचायला गेली. मग तांड्याचा मुखिया अमरसिंग नाईक लोकल बोर्डाच्या कचेरीत जाऊन बसला. भांडला नाही, ओरडला नाही, नुसता बसला. आठव्या दिवशी साहेबानं शाळा मंजूर केली, ती एका अटीवर: मास्तर असेल तोवर शाळा, मास्तर गेला की शाळा पुन्हा नाल्यापलीकडं. तांड्यात सातवी पास झालेला माणूस एकच होता, त्यामुळे निवड बिनविरोध झाली.

शाळेला खोली एक, मास्तर एक, वर्ग चार, पोरं त्रेचाळीस. बाबूसिंगांनी चार भिंतींना चार वर्ग लावले. पहिली दाराजवळ, कारण पहिलीला सारखं बाहेर जायचं असतं. दुसरी खिडकीखाली. चौथी फळ्यापुढं, आणि तिसरी तिच्या समोरच्या भिंतीला. मधोमध स्वतः बाबूसिंग. चौथीला पाच-सात मिनिटं शिकवायचं, काम लावून द्यायचं आणि तिसरीकडं वळायचं. तिसरीला लावून दुसरीकडं, दुसरीला लावून पहिलीकडं. तोवर चौथीचं काम झालेलं असे. घाण्याचा बैल दिवसभरात जेवढे फेरे घेतो त्याहून दोन-चार कमी, एवढाच काय तो फरक.

ही रीत त्यांना कुठल्या पुस्तकात सापडली नव्हती. त्यांचा आजा लदेणीवर होता, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचा. दीडशे बैल आणि हाकणारी माणसं चार. आजा सांगायचा, समोरच्या बैलाची काळजी करू नको, तो तुला बघून चालतोच. ज्याच्याकडं तुझी नजर नाही, तो चालला पाहिजे. बाबूसिंगांनी बैलांच्या जागी पोरं धरली. शाळेची घंटासुद्धा त्याच लदेणीतल्या पुढल्या बैलाच्या गळ्यातली होती, नाईकानं दिलेली. तिचा आवाज ऐकून पोरं निमूट चालत येत. पूर्वी बैलही येत असत, असं म्हातारी माणसं सांगत.

हुकूम वाचून बाबूसिंगांचा चेहरा उतरला. दोन वर्षं शाळेत कोण उभं राहणार? नाईकानं लिंबाखाली चार माणसं जमवली, कागद उलटा-सुलटा बघितला आणि निकाल दिला.

"तू जाय, मास्तर. आपले बुढे मिठाले जात तं दोन-दोन सालं येत नसत. पण येत होते."

शेवटच्या तीन शब्दांवर त्यानं जरा जोर दिला, एवढंच. त्यात सगळं आलं. पास होऊन परत आलास तर शाळा राहील, नाहीतर पोरं पुन्हा ओसरीवर, हे बाबूसिंगांना कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

बदली मास्तर आला, नाही असं नाही. तो बैलगाडीतून उतरला, तांडा बघितला, राहायची सोय विचारली, ती बघितली आणि त्याच गाडीनं परत गेला. गाडीवाल्यानं बैलसुद्धा सोडले नव्हते. कागदोपत्री मास्तर अजून बाबूसिंगच होते, म्हणून शाळा तेवढी बंद झाली नाही. मग बाबूसिंगांची बायको हंसाबाई शाळेच्या दारात तूर निवडायचं सूप घेऊन बसली. तिला अक्षरओळख नव्हती. पण चौदा वर्षं शाळेला लागून असलेल्या घरात राहिल्यानं कुठल्या वेळी कुठल्या भिंतीकडून काय ऐकू यायला हवं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. चौथी तिसरीला शिकवी, तिसरी दुसरीला, दुसरी पहिलीला. पाढ्यात कुणी चुकलं तर नेहमीची चाल मोडे आणि हंसाबाई सुपावरून मान वर करी. तेवढं पुरत असे.

इकडं नॉर्मल स्कुलात बाबूसिंग विद्यार्थी झाले. पांढरी टोपी, सकाळी प्रार्थना, मग टकळीवर सूत काढणं. सूत त्यांचं बरं निघे. जन्म कापसात गेलेला. बालमानसशास्त्र नावाचा विषय होता. त्यातून त्यांना कळलं की मूल चंचल असतं. हे ऐकायला आपण तीन कोस चालून मोटार धरून आलो, असं त्यांच्या मनात आलं, पण त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. पाठाची पंचपदी होती: आधी प्रस्तावना, मग हेतुकथन, अशा पाच पायऱ्या. त्या त्यांनी दोन दिवसांत घोकल्या. लेखी परीक्षेचं त्यांना भय नव्हतं. भय वेगळंच निघालं.

नॉर्मल स्कुलाला जोडून मुला-मुलींची एक शाळा होती, तिथं सराव पाठ घ्यावे लागत. बाबूसिंगांच्या पहिल्या पाठाला त्यांना एका खोलीत नेलं. खोलीत चाळीस पोरं. सगळी एकाच भिंतीकडं तोंड करून बसलेली. बाबूसिंगांनी बाकीच्या तीन भिंतींकडं पाहिलं. मग त्यांनी आपले शिक्षक घनश्यामराव यांना हळूच विचारलं की बाकीचे वर्ग कधी यायचे आहेत.

घनश्यामराव सत्तावीस वर्षांचे, बी.ए.बी.टी. झालेले, मनानं चांगले होते. बाबूसिंगांपेक्षा सात वर्षांनी लहान, म्हणून ते त्यांना गुरुजी म्हणत आणि मग गुरुजींच्या चुका काढत. त्यांनी समजावलं की हा एकच वर्ग आहे आणि पस्तीस मिनिटं त्यालाच शिकवायचं आहे.

पस्तीस मिनिटं! बाबूसिंगांच्या हिशेबानं तो एका विषयाचा पाच दिवसांचा ऐवज होता. त्यांनी सात मिनिटांत अपूर्णांकाची बेरीज शिकवली, ती पोरांना समजली, त्यांनी उदाहरणं घातली आणि सवयीनं मागं वळले. मागं भिंत होती. भिंतीवर एका पुढाऱ्याचं चित्र होतं. बाबूसिंग त्या चित्राकडं पाहत उभे राहिले आणि उरलेली अठ्ठावीस मिनिटं कशी गेली ते त्यांना शेवटपर्यंत आठवलं नाही. वहीवर घनश्यामरावांनी लाल शाईनं लिहिलं: शिक्षकाने वर्गावरील दृष्टी क्षणभरही काढू नये. खाली दोन रेघा.

दुसऱ्या पाठाला तेच, तिसऱ्यालाही तेच. मान आपोआप वळे, मागोमाग पाय वळत. एकदा तर ते वर्गाला काम लावून दाराबाहेर गेले आणि व्हरांड्यात बसलेल्या चपराशाला मुळाक्षरं विचारू लागले, कारण दाराजवळ बसेल ती पहिली. चपराशानं 'ज्ञ'पर्यंत बरोबर सांगितली. वहीवरच्या दोन रेघांच्या तीन झाल्या.

खोलीत त्यांच्याबरोबर रामराव म्हणून कळंबकडचे एक मास्तर राहत. तेही बिनट्रेनिंगचे, पण चार मास्तरांच्या शाळेतले, त्यामुळे त्यांना एका वर्गाची सवय होती. ते दर पाठाआधी चिंतामणीला हात जोडत आणि पस्तीस मिनिटं सहज बोलत. चाळिसाव्या मिनिटाला त्यांना थांबवावं लागे. बाबूसिंगांची अवस्था बघून त्यांना कणव आली. त्यांनी खडू घेतला आणि वर्गात फळ्यापुढं जमिनीवर एक वर्तुळ काढलं.

"याच्या भाईर पाय टाकाचा नाही," ते म्हणाले. "काही झालं तरी नाही. मांगं पाहावंसं वाटलं तं खाली पाहा."

उपाय अडाणी होता, पण लागू पडला. बाबूसिंग वर्तुळात उभे राहू लागले. पाय वळू लागला की खडूची रेघ दिसे आणि पाय जागच्या जागी थबके. सात मिनिटांत संपणारं शिकवणं ते लांबवू लागले. एकच गोष्ट तीनदा सांगू लागले, पोरांना समजलेलं पुन्हा समजावू लागले. घनश्यामरावांनी वहीत लिहिलं: समाधानकारक प्रगती. बाबूसिंगांना मात्र वाटे की आपण भरल्या पोटाच्या पोरांना जेवू घालतोय. पण परीक्षा पास व्हायची होती, म्हणून ते बोलले नाहीत.

दिवाळीत आणि होळीला ते तांड्यात जात. हंसाबाई शाळेचा सगळा वृत्तांत सांगे. एका होळीला तिनं विचारलं की तिकडं ते काय शिकून राह्यले. एका जागी उभं राहायचं शिकतोय, असं त्यांनी सांगितलं. हंसाबाईनं सूप खाली ठेवलं.

"त्याले दोन सालं लागतात?" तिनं विचारलं. उत्तराची वाट न बघता ती पोळ्या करायला उठली.

एप्रिल १९५९ मध्ये शेवटचा पाठ आला. हा परीक्षेचा. याच्यात नापास तो सगळ्यात नापास. परीक्षक अमरावतीहून येणार होते, नाव सदाशिवराव. सेवानिवृत्तीला आलेले, फार कमी बोलणारे. त्यांनी आदल्या दिवशी पाचांचे पाठ बघितले होते आणि त्या पाचांपैकी एकालाही आपण पास की नापास याचा अंदाज करता आला नव्हता. बाबूसिंगांना विषय मिळाला भूगोल, चौथीला, जिल्ह्यातल्या नद्या. त्यांनी नकाशा रंगवला, टाचण काढलं, टोपीला नीळ दिली. रामरावांनी संध्याकाळीच जाऊन वर्तुळ ठळक करून ठेवलं.

सकाळी अमरावतीचे साहेब येणार म्हणून शाळेतल्या मुलींनी हौसेनं सगळे वर्ग शेणानं सारवून काढले.

बाबूसिंग खोलीत शिरले तेव्हा जमीन ओली, हिरवट आणि एकसारखी होती. वर्तुळ नव्हतं. फळ्यापुढं चौथीची पोरं. समोरच्या भिंतीला एक बाक, त्यावर सदाशिवराव आणि शेजारी घनश्यामराव. खडू काढून वर्तुळ काढावं तर सगळे बघत होते. बाबूसिंगांनी 'जय सेवालाल' म्हटलं, मनातल्या मनात, आणि प्रस्तावना सुरू केली.

सुरुवात झकास झाली. त्यांनी पोरांना सांगितलं की समजा आपल्याकडं मिठाचे बैल आहेत आणि पावसाळा तोंडावर आलाय. आता अडाण ओलांडायची, मग अरुणावती, मग पैनगंगा. कुठल्या नदीला उतार कुठं, बैल कुठं पाण्याला बिचकतो, मीठ भिजलं तर काय होतं. पोरं पुढं सरकली. एक जण तर बैलाला हाकताना दोन बोटं तोंडात घालून शीळ घालायला निघाला होता. बाबूसिंगांना पहिल्यांदाच त्या खोलीत आपल्या शाळेत असल्यासारखं वाटलं, आणि घात झाला तो तिथंच. सात मिनिटं होताच त्यांनी पोरांना नद्या नकाशात भरायला लावल्या आणि त्यांच्यामधून चालत मोकळ्या मनानं मागच्या भिंतीकडं वळले.

समोरच्या भिंतीला तिसरी बसली होती. दोनच जण हजर होते, पण होती.

"तिसरी, तेराचा पाढा," बाबूसिंग आधी गोरबोलीत म्हणाले आणि मग शहाण्या मास्तरासारखं मराठीत. "एकमेकाचं पाहाचं नाही."

घनश्यामरावांचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. सदाशिवरावांनी चष्म्यावरून एकदा बाबूसिंगांकडं पाहिलं, मग गुणपत्रिका उलटी करून बाजूला ठेवली, एक कोरा कागद घेतला आणि लिहायला लागले. तेर एके तेरा, तेर दुणे सव्वीस. घनश्यामराव लिहीत नव्हते. बाबूसिंगांच्या शाळेत जो लिहीत नाही त्याला ते मारत नसत. त्याच्या हातात पेन्सिल देऊन बोटं मिटवत. त्यांनी घनश्यामरावांच्या खिशातली पेन्सिल काढली, त्यांच्या हातात दिली आणि बोटं मिटवली. तोवर सदाशिवरावांचं झालं होतं. बाबूसिंगांनी कागद घेतला, खिशातला लाल शिसाचा तुकडा काढला आणि वरपासून तपासत आले. तेर आठी एकशे दोन. त्यांनी तिथं गोल केला.

"हे घरून दहा खेप लिहून आणजो," ते म्हणाले, आणि दुसरीकडं वळले.

खिडकीखाली दुसरी नव्हती. तिथं ओली भिंत होती, आणि तिच्यावर उन्हाची एक तिरीप. बाबूसिंगांनी दाराकडं पाहिलं. पहिलीही नव्हती. क्षणभर त्यांना काहीच समजेना. पोरं गेली कुठं? त्या क्षणी त्यांना तांड्यातल्या त्या दोन भिंतींखालची पोरं आठवली. मग हातातला कागद दिसला, त्यावरचं अक्षर दिसलं, आणि आपण काय केलं ते ध्यानात आलं.

ते तसेच उभे राहिले. मागं चौथी गुपचूप नद्या भरत होती. पोरं इतकी शांत होती की नकाशावर पेन्सिलींचा आवाज येत होता. ते ऐकायला सदाशिवरावांनी थोडी मान कलती केली, असं घनश्यामराव पुढं बरीच वर्षं सांगत.

पाठ संपल्यावर सदाशिवरावांनी त्यांना जवळ बोलावलं. बाबूसिंगांनी माफी मागायला तोंड उघडलं, पण म्हाताऱ्यानं हातानंच थांबवलं आणि मोजके प्रश्न विचारले. तुमच्या शाळेत वर्ग किती? चार. शिक्षक किती? मीच. आता कोण बघतं? बायको. ती शिकलेली आहे? नाही, साहेब.

सदाशिवरावांनी गुणपत्रिका पुढं ओढली.

"पास झालात तर तुम्ही ट्रेनिंग झालेले, ट्रेंड शिक्षक व्हाल," ते म्हणाले. "ट्रेंड शिक्षकांना मोठ्या शाळांवर घेतात. ठाऊक आहे ना?"

"मी तं तांड्यातच जाईन," बाबूसिंग म्हणाले. "दुसरीकडं कायले?"

यावर सदाशिवरावांनी गुणपत्रिका सुलटी केली आणि तिच्यावर झाकून काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होते.

जूनमध्ये निकाल लागला. बाबूसिंग पास झाले, सगळ्यांत शेवटच्या श्रेणीत. तांड्यात नगारा वाजला, नाईकानं बोकड कापला, हंसाबाईनं सूप उचलून घरात नेलं. बोर्डाची जागा घेतलेल्या जनपदच्या कचेरीत मात्र बाबूसिंगांच्या सेवा पुस्तकात परीक्षकाचा शेरा उतरवला गेला आणि कारकुनानं तो त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला, तीन माणसं ऐकत असताना. शेरा असा होता: "सदर शिक्षक एक वर्ग हाताळण्यास पूर्णपणे असमर्थ आहेत. एकशिक्षकी शाळेव्यतिरिक्त अन्यत्र यांची नेमणूक कदापि करू नये."

कारकुनाला हसू आवरेना. बाबूसिंग मुकाट्यानं सही करून बाहेर पडले. हा शेरा त्यांना फार लागला. चौदा वर्षं मास्तरकी, दोन वर्षं ट्रेनिंग आणि वर हे. तांड्यात त्यांनी कुणाला सांगितलं नाही, हंसाबाईलासुद्धा नाही. सदाशिवरावांचा पाढ्याचा कागद कोटाच्या खिशात तसाच राहिला होता. तो त्यांनी ट्रंकेच्या तळाशी टाकला. फाडून टाकावा असं मनात येई, पण मुलाचा तपासलेला कागद फाडायचा नाही ही त्यांची जुनी सवय.

शाळा पुन्हा चार भिंतींवर सुरू झाली. दरम्यान राज्य पुन्हा बदललं, यावेळी महाराष्ट्र झालं. १९६२ मध्ये जनपद जाऊन जिल्हा परिषद आली, आणि पुन्हा दप्तरं उघडली गेली. नव्या यादीत पंधरा वर्षांवर नोकरी झालेले ट्रेंड शिक्षक वेगळे काढले होते. बाबूसिंगांना हुकूम आला: आर्णीच्या मोठ्या शाळेवर हजर व्हा. सात खोल्या, सात शिक्षक, वर पक्कं छप्पर. तांड्याच्या शाळेवर 'शिक्षक उपलब्ध होताच' नेमणूक होणार होती. शिक्षक उपलब्ध झाला की तो किती वेळ टिकतो, हे तांड्यानं बघितलं होतं.

नाईक आता थकला होता. या वेळी तो कचेरीत जाऊन बसू शकणार नव्हता. त्यानं बाबूसिंगांना बोलावलं आणि सांगितलं की तुझा मान मोठा झाला, तू जा, आम्ही तुला अडवणार नाही. बाबूसिंग रात्रभर नाही पण दिवसभर तरी विचार करत राहिले आणि दुसऱ्या दिवशी यवतमाळची मोटार धरली.

साहेब नवे, तरुण, सज्जन होते. ऐकून घेतलं, पण म्हणाले की गुरुजी, बढती नको म्हणणारा माणूस आम्ही कुठल्या रकान्यात घालावा? नियमात कारण लागतं. बाबूसिंगांजवळ कारण नव्हतं. म्हणजे होतं, त्रेचाळीस पोरांचं होतं, पण ते रकान्यात बसणारं नव्हतं. साहेबांनी पद्धत म्हणून सेवा पुस्तक मागवलं आणि पानं उलटू लागले. एका पानावर थांबले. चेहरा उतरला. पुन्हा वाचलं. मग त्यांनी पुस्तक अलगद मिटलं, चपराशाला बाहेर जायला सांगितलं आणि अपराध्यासारखं म्हणाले की गुरुजी, वाईट वाटून घेऊ नका, पण हा शेरा असताना मला तुम्हाला आर्णीला पाठवता येणार नाही. कुठंच पाठवता येणार नाही. हे पुस्तक आहे तोवर तुम्हाला त्या तांड्यातून कुणीही हलवू शकत नाही.

बाबूसिंग कचेरीबाहेर लिंबाखाली बसले. शेऱ्यातला शब्दन् शब्द त्यांना पाठ होता, तीन वर्षं डोक्यात घुमत होता. आज त्यांनी तो सावकाश, पंचपदीनं वाचावा तसा वाचला. 'पूर्णपणे'. 'अन्यत्र'. 'कदापि'. एका नापास मास्तराला घरी बसवायला इतके शब्द लागत नाहीत, एवढं त्यांना ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. मग ते रडले. येणारे-जाणारे बघत होते, बघू दिलं.

तांड्यात नाईक बाजेवर पडून वाट बघत होता. काय झालं, त्यानं विचारलं.

"मले एक वर्ग सांभाळता येत नाही, असं त्या मोठ्या साहेबानं तवाच लिहून ठेवलं होतं," बाबूसिंग म्हणाले. "म्हणून जाता येत नाही."

नाईकानं त्यावर विचार केला.

"मंग?" तो म्हणाला. "आपल्याइथं एक कुठं हाये?"

पावसाळ्यानंतर बाबूसिंगांनी रामरावांकडून सदाशिवरावांचा पत्ता मिळवला. म्हातारे निवृत्त होऊन अमरावतीलाच होते. पोस्टकार्ड लिहायला बाबूसिंगांना चार दिवस लागले, कारण आभार कसे मानायचे ते कुठल्याच पायरीत बसेना. शेवटी त्यांनी एवढंच लिहिलं की आपल्या कृपेनं चारही वर्ग ठीक आहेत.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. पोस्टमन ते शाळेतच देऊन गेला, चौथीला काम लावून बाबूसिंग तिसरीकडं वळत होते तेव्हा. कार्डावर मायना नव्हता, खुशाली नव्हती. म्हाताऱ्या, थरथरत्या अक्षरात एकाखाली एक दहा ओळी होत्या. तेर आठी एकशे चार. तेर आठी एकशे चार. शेवटी सही: सदाशिव, इयत्ता तिसरी. आणि खाली बारीक अक्षरात, उशिराबद्दल क्षमा असावी.

बाबूसिंगांनी दहाही ओळी वरपासून खालपर्यंत तपासल्या, लाल शिसानं 'बरोबर' लिहून तारीख घातली, आणि कार्ड कोटाच्या खिशात ठेवून दुसरीकडं वळले, कारण तिची पाळी कधीचीच झाली होती.